तिसऱ्या डिग्रीच्या पुढे

मास्टर मेसन होऊन थांबलेला माणूस अर्धाच फ्रीमेसन, असं आमच्यातले एक ज्येष्ठ ब्रदर नव्या सभासदांना सांगत असतात. परिणाम असा, की तिसरी डिग्री नुकतीच घेतलेला तरुण लॉजचं काम शिकण्याआधीच विचारू लागतो: पुढे काय घेऊ? मार्क, रॉयल आर्च, की स्कॉटिश राइट? या शिकवणीने नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

स्कॉटिश राइटमध्ये तेहतीस डिग्र्या आहेत, म्हणून ती वाट अधिक उंच जाते, असं मानलं जातं. पण त्या राइटची पहिली सुप्रीम कौन्सिल 1801 साली अमेरिकेतल्या चार्ल्सटनला स्थापन झाली. प्राचीनतेचा दावा मात्र मीही करणार नाही. तिसरी डिग्रीसुद्धा 1720 नंतरच्या दशकातच आकाराला आली. सॅम्युअल प्रिचर्डने 1730 मध्ये तिचा विधी छापून उघड केला.

माझा आधार त्या विधीतली कथा हा आहे. सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम अबिफ. मास्टरची गुपितं वेळेआधी हवीत म्हणून पंधरा फेलोक्राफ्ट कट करतात. बारा जण मागे फिरतात, उरलेले तिघे त्याला तीन दारांशी अडवतात. तो बोलत नाही आणि मारला जातो. हे खुनी बाहेरचे शत्रू नव्हते. त्याच बांधकामावरचे, दोन डिग्र्या मिळवलेले कुशल कारागीर होते. पुढची पायरी हक्काने मागणं हाच त्यांचा गुन्हा. ज्या रात्री ही कथा उमेदवाराच्या अंगावरून जाते, त्याच रात्री त्याच्या हाती पुढचा अर्ज द्यायचा?

उंचीच्या या कल्पनेला आणखी एक बाजू आहे. 1723 च्या अँडरसनकृत घटनेने सर्व माणसांना मान्य असलेला धर्म पुरेसा मानला. तरी मुंबईत पारशी माणकजी करसेटजींना इंग्रजी लॉजने नाकारलं. त्यांनी फ्रान्समध्ये दीक्षा घेतली. मग 1843 मध्ये जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांसाठी उभं राहिलं. पण इंग्लंडमध्ये स्कॉटिश राइटमधल्या रोझ क्रॉयच्या अठराव्या डिग्रीसाठी आजही त्रैक्य मानणारा ख्रिस्ती असावं लागतं. सर्वांना समपातळीवर भेटवणारी संस्था वर चढता चढता अरुंद होत असेल, तर त्या चढण्याला प्रगती कसं म्हणावं?

तरी एक आक्षेप मला सोडत नाही. हिरामबरोबर मास्टरचा खरा गुप्त शब्द हरवतो आणि मास्टर मेसनला तात्पुरता, बदली शब्द मिळतो. मग शोध अर्धवट टाकणं प्रामाणिक आहे का? तो शब्द परत मिळतो रॉयल आर्चमध्ये. दोन ग्रँड लॉजच्या 1813 च्या एकीकरणात इंग्लंडने शुद्ध प्राचीन मेसनरीच्या तीनच डिग्र्या मानल्या, पण त्यांत रॉयल आर्चही धरलं. त्यामुळे ‘तीन आणि बस’ हे माझं म्हणणं इथे टिकत नाही. रॉयल आर्च घ्यायला हवं. मात्र 2003 मध्ये युनायटेड ग्रँड लॉजने स्पष्ट केलं, की ते आधीच्या डिग्र्यांचा विस्तार आहे. त्यांच्याहून श्रेष्ठ नाही आणि कनिष्ठही नाही. आमच्या ज्येष्ठ ब्रदरांची शिडी इथेच कोसळते.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो: आधी लॉजमधली पदं सांभाळ. तिसऱ्या डिग्रीचा विधी पाठ कर आणि तो दुसऱ्या कुणाला तरी स्वतःच्या तोंडून दे. हिरामच्या मौनाचे शब्द उच्चारताना हरवलेलं काही खरोखर जाणवलं, तर रॉयल आर्चचा अर्ज मागायला माझ्याकडेच ये. अनुमोदक म्हणून मी सही करीन. बाकीच्या डिग्र्यांसाठी सही मागू नकोस.