मंडाले ते कसारा घाट

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची हद्दपारी सुनावली. गुन्हा ‘केसरी’तल्या लेखांचा. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस संप केला. हे सगळं आपण शाळेत शिकलो. पण त्याच उन्हाळ्यात जिनीव्हात ‘प्रोलेतारी’ नावाचं एक रशियन पत्र निघत होतं आणि त्यात मुंबईच्या या संपाची दखल घेतली गेली, हे सहसा सांगितलं जात नाही. लिहिणारा होता लेनिन. झारच्या राज्यात जे छापता येत नव्हतं ते तो परदेशातून छापत होता. म्हणजे एका परागंदा संपादकाने दुसऱ्या हद्दपार होणाऱ्या संपादकाविषयी लिहिलं होतं.

पत्रकाराला देशाबाहेर काढलं की प्रश्न मिटतो, ही समजूत आली कुठून? आपल्याकडे ती कंपनी सरकारइतकी जुनी आहे. १८२३ मध्ये ‘कलकत्ता जर्नल’चा संपादक जेम्स सिल्क बकिंगहॅम याला सरकारने इंग्लंडला परत धाडलं आणि त्याच वर्षी पत्र बंद पडलं. तेव्हाचं वर्तमानपत्र म्हणजे एक माणूस, एक छापखाना आणि मूठभर गोरे वाचक. माणूस जहाजावर चढवला की काम झालं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या बेंजामिन हॉर्निमन यांना एप्रिल १९१९ मध्ये याच पद्धतीने मुंबईतून उचलून इंग्लंडला पाठवलं. पण ‘क्रॉनिकल’ पुढेही निघत राहिलं आणि १९२६ मध्ये हॉर्निमन स्वतः परत आले. त्यांना पाठवलं ती त्यांची जन्मभूमी होती, तरी त्यांचे वाचक सगळे इकडे राहिले होते.

टिळकांना ‘परत’ पाठवायला दुसरा देशच नव्हता, म्हणून सरकारने मंडाले निवडलं. तिथली व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. लाकडी गजांची कोठडी. तत्त्वज्ञानाची, गणिताची, धर्माची पुस्तकं मागवायला मुभा, पण चालू राजकारणाचं अक्षर आत येऊ द्यायचं नाही. पत्रं मोजकी आणि तपासलेली. लिहायला सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या, पानांवर आकडे घातलेल्या वह्या मिळत, म्हणजे एखादं पान बाहेर गेलं तर लगेच कळावं. शाई नाही, पेन्सिल. या पेन्सिलीने १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून झालं. १९१२ मध्ये पुण्यात पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही मंडालेतच कळली.

‘गीतारहस्या’बद्दल मला नितांत आदर आहे. तरीही त्या ग्रंथाच्या आनंदात आपण एक हिशेब करायचा विसरतो. १९११ मध्ये वंगभंग रद्द झाला, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला गेली, आणि या दोन्हींवर टिळकांचा अग्रलेख नाही. ‘केसरी’ चालू होता, सहकाऱ्यांनी तो निष्ठेने चालवला. पण जून १९१४ पर्यंत मराठी वाचकाला टिळकांचं मत मिळालं नाही. सरकारला नेमकं तेवढंच हवं होतं. तत्त्वचिंतक कोठडीत बसून लिहू शकतो, पत्रकाराला मात्र रोजचा बाजार, रोजची कोर्टकचेरी, रोज दारात येणारी माणसं लागतात. ती काढून घेतली की तो दुसरं काहीतरी मोठं होतो, पत्रकार राहत नाही.

रशियात हेच आधी अलेक्झांडर हर्झेनच्या बाबतीत घडलं होतं. १८५७ पासून लंडनहून निघणारा त्याचा ‘कोलोकोल’ चोरून रशियात जात असे. १८६३ च्या पोलंडच्या उठावाची बाजू घेतल्यावर वाचक पांगले आणि सुरू झाल्यापासून दहा वर्षांत पत्र संपलं. हर्झेनच्या आठवणींचा ग्रंथ मात्र आजही वाचला जातो. पुढे लेनिन सत्तेवर आला आणि १९२२ मध्ये त्याच्याच सरकारने प्राध्यापक, लेखक, तत्त्वज्ञ यांना पेट्रोग्राडहून जहाजात बसवून जर्मनीला पाठवलं. स्वतः वर्षानुवर्षं परदेशातून पत्र चालवलेल्या माणसाने हे करावं, याचं मला अजूनही दुःख होतं. हद्दपारी किती खोल लागते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

या सगळ्यात मला आशा वाटते ती गोव्याच्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांकडे पाहून. पॅरिसमध्ये शिकताना त्यांनी फ्रेंच पत्रांतून भारताची बाजू मांडली, १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. सुटल्यावरही लिस्बनबाहेर जाऊ दिलं नाही. १९५३ मध्ये ते तिथून निसटून पॅरिसमार्गे मुंबईत आले आणि ‘फ्री गोवा’ हे पाक्षिक चालवू लागले. गोव्यात पाऊल ठेवणं शक्य नव्हतं, पण मुंबईत धोबीतलावला, माझगावला गावोगावच्या गोवेकरांचे कूड, म्हणजे मुक्कामाच्या खोल्या, होत्या. गावाहून आलेला खलाशी, आचारी तिथे उतरायचा. आपल्या वाड्यावर काय चाललंय ते सांगायचा. स्वतःच्या गावापासून तुटलेल्या संपादकाला गावच इथे भेटायला येत होतं. कुन्हा १९५८ मध्ये मुंबईतच वारले, मुक्त गोवा त्यांना दिसला नाही. पण अखेरपर्यंत ते पत्रकारच राहिले.

आजच्या रशियाने यातून धडा घेतलेला दिसतो. २०१४ मध्ये गालिना तिमचेंको यांनी लाटव्हियातल्या रीगा शहरातून ‘मेदुझा’ हे बातम्यांचं संकेतस्थळ सुरू केलं. रीगातल्या संपादकांना मॉस्कोने मंडाले दाखवलं नाही. २०२१ मध्ये ‘परकीय हस्तक’ असा शिक्का मारला, २०२२ मध्ये संकेतस्थळ रोखलं, जानेवारी २०२३ मध्ये संस्थाच ‘अनिष्ट’ ठरवली. त्यानंतर रशियात बसून तिला वर्गणी देणं हा गुन्हा झाला आणि तिचा दुवा पुढे पाठवणंही धोक्याचं झालं. संपादक कुठे का बसेना, भीती वाचकाच्या घरात नेऊन ठेवायची. बकिंगहॅमपासून दोनशे वर्षांत हद्दपारीची कल्पना इथवर सरकली आहे, आणि मला ती पूर्वीपेक्षा जास्त निर्दय वाटते.

ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीत राहणाऱ्या माणसाने याचा विचार का करावा? तर आपल्याकडे जुनी, माणसाला हलवणारी पद्धत अजून कायद्यात आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली पोलीस अधिकारी किंवा प्रांत एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढू शकतात. हा कायदा गुंडांसाठी आहे आणि तिथे त्याची गरज मी नाकारत नाही. पण अमरावतीत तो माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या, तक्रारी लावून धरणाऱ्या एका पत्रकारावर चालवला गेला, वर्षभरासाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

आमच्याकडचा वार्ताहर डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात भातसा नदीला पाणी चढलं, पर्यटक बुडाला, कसारा लोकल टिटवाळ्याजवळ रखडली की लोक आधी त्याला फोन लावतात. त्याला ठाणे जिल्ह्यातून तडीपार केलं तर तो कसारा घाट चढून इगतपुरीला राहील. तिथून फोन लागतो, पेपर मिळतो, बातमी टाइपही करता येते. पण नदीकाठी उभं राहून पंचनामा कसा लिहिला जातोय हे पाहता येत नाही, आणि ज्याने ते पाहिलं तो माणूस घाट चढून सांगायला जात नाही. असा आदेश निघताना न्यायाधीश मध्ये नसतो. अपीलही सरकारकडेच करायचं असतं. बातम्या देणाऱ्या माणसाचं नाव त्या कागदावर येणार असेल, तर तो कागद आधी न्यायाधीशापुढे गेला पाहिजे, आणि त्या माणसाने गाव सोडण्याआधी गेला पाहिजे.