गाडी नको, पूल हवा

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात चीनमधल्या झंग राज्याचा कारभार त्सिचान नावाच्या मंत्र्याच्या हाती होता. नदी ओलांडताना लोकांचे हाल होतात म्हणून तो त्यांना स्वतःच्या गाडीत बसवून पैलतीरी सोडत असे. खुद्द कन्फ्यूशियसला या माणसाबद्दल मोठा आदर होता. पण त्याच परंपरेतला मेन्शियस दोन शतकांनंतर निवाडा देतो की, त्सिचान दयाळू खरा, पण राज्य कसे चालवावे हे त्याला उमगले नव्हते. अकराव्या महिन्यात पायी जाणाऱ्यांसाठी साकव आणि बाराव्या महिन्यात गाड्यांसाठी पूल उभा राहिला असता, तर कुणाला पाण्यात उतरावेच लागले नसते. एकेकाला खूश करत बसणाऱ्या कारभाऱ्याला दिवस पुरायचे कसे? त्सिचानवर हा थोडा अन्यायच आहे. इ.स.पू. ५३६ मध्ये दंडाचे कायदे काशात ओतवून सर्वांसमोर ठेवणारा माणूस व्यवस्थेच्या बाबतीत कच्चा म्हणता येणार नाही. तरी मेन्शियसचा मुद्दा त्यामुळे ढिला पडत नाही. कन्फ्यूशियन विचारातले दयाळू आणि न्यायी राज्य म्हणजे भल्या राजाची प्रजेवरची कृपा, असा जो सर्रास समज आहे, त्याला या एका प्रसंगाने छेद जातो. राजाच्या मनात काय आहे, यापेक्षा नदीवर पूल आहे की नाही, हा मेन्शियसचा प्रश्न आहे.

या वाचनावर पहिला आक्षेप मेन्शियसच्याच ग्रंथातून घेता येईल. छी राज्याच्या श्वान राजाची गोष्ट प्रसिद्ध आहे. नव्या घंटेच्या विधीसाठी बळी द्यायला एक बैल नेत होते. तो थरथरताना पाहून राजाला राहवले नाही आणि त्याने बैलाऐवजी मेंढा न्यायला सांगितले. राजाने कंजूषपणा केला, अशी लोकांत कुजबुज झाली. मेन्शियस मात्र राजाला धीर देतो की, ज्या मनाला बैलाची कणव आली त्या मनात खरे राजेपण आहे. म्हणजे शेवटी सारे राजाच्या अंतःकरणावरच येऊन ठेपले की! पण हा संवाद इथे संपत नाही. आपले वाचन मात्र बहुतेक वेळा इथेच थांबते. पुढच्याच दमात मेन्शियस राजाला अडचणीत पकडतो. जनावरापर्यंत पोचलेली करुणा प्रजेपर्यंत का पोचत नाही? तुझ्याच्याने होत नाही म्हणून, की तू करत नाहीस म्हणून? आणि संवादाचा शेवट होतो तो थेट जमिनीच्या हिशोबाने. पाच मू (जमिनीचे चिनी माप) जागेच्या घराभोवती तुतीची झाडे असावीत, म्हणजे पन्नाशीच्या माणसांना रेशीम नेसता येईल. कोंबड्या-डुकरांच्या विणीचा हंगाम चुकवू नये, म्हणजे सत्तरीच्या म्हाताऱ्यांच्या ताटात मांस पडेल. शंभर मू शेतात राबणाऱ्यांना पेरणी-कापणीच्या दिवसांत वेठीला धरू नये, म्हणजे आठ तोंडांचे कुटुंब उपाशी राहणार नाही. त्यानंतर शाळा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पोटापाण्याची शाश्वती नसेल तर सामान्य माणसाचे मन थाऱ्यावर राहत नाही, मग तो गुन्ह्याकडे वळतो. आणि त्यानंतर त्याला शिक्षा करणे म्हणजे आधी जाळे लावून मग सावज पकडणे, असे मेन्शियस म्हणतो. गुन्ह्याची पहिली जबाबदारी त्याने अशी सिंहासनाकडे सरकवली आहे. दुष्काळात लोक मेले आणि राजा म्हणाला की दोष माझा नाही, वर्षच वाईट होते, तर सुरा भोसकून हा खून माझा नव्हे, हत्याराचा, असे म्हणण्यात आणि त्यात त्याला फरक दिसत नाही.

न्यायाचा भाग याहून रोखठोक आहे. सोंग राज्यातला एक मंत्री म्हणाला, दशांश कर घेणे आणि जकात बंद करणे यंदा जमणार नाही. सध्या थोडी सूट देऊ, पुढच्या वर्षी बघू. मेन्शियसने त्याला कोंबडीचोराची गोष्ट ऐकवली: रोज शेजाऱ्याची एक कोंबडी चोरणारा म्हणतो, आता महिन्याला एकच चोरीन, पुढल्या वर्षी सोडून देईन. चूक आहे हे कळले असेल, तर पुढच्या वर्षाची वाट कशाला? इतक्या थेट शब्दांत सल्ला देणाऱ्याला भाबडा म्हणणे कठीण आहे.

तरी कायदावादी विचारवंत हान फेइने कन्फ्यूशियन पंथाला भाबडेच ठरवले, आणि त्याचा आक्षेप गंभीर आहे. आदर्श राजे आणि नराधम राजे, दोन्ही हजार पिढ्यांतून एखादे निपजतात. राज्य चालवायचे असते ते मधल्या, बेताच्या राजांना, म्हणून सद्गुणांची वाट न पाहता कायदा, पद आणि शिक्षा यांवर भिस्त ठेवा, असे तो सांगतो. याला छिन साम्राज्याचे उदाहरण दाखवून उत्तर देण्याची जुनी रीत आहे: कठोर कायद्यांवर उभे राहिलेले राज्य इ.स.पू. २२१ मध्ये साऱ्या चीनवर पसरले आणि पंधरा वर्षांत कोसळले. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण छिनला बाजूला सारून आलेल्या हान घराण्याने कारभाराची चौकट बरीचशी छिनचीच ठेवली. खरे उत्तर मेन्शियसच्या श्रोत्यांकडे पाहिल्यावर मिळते. श्वान राजा स्वतःच कबूल करतो की आपल्याला पराक्रमाची हौस आहे, संपत्तीचा आणि स्त्रियांचा मोह आहे. मेन्शियस त्याला संत व्हायला सांगत नाही. तुझ्या या आवडी प्रजेलाही पुरवता येतील असा कारभार कर, एवढेच सांगतो. हान फेइचा बेताचा राजा मेन्शियसने गृहीतच धरला आहे. नुसत्या चांगुलपणाने राज्य चालत नाही आणि नुसते कायदे आपोआप चालत नाहीत, या दोन्ही गोष्टी तो एका श्वासात मान्य करतो. त्याच्या जमीन-वाटपाच्या योजनेचे आकडे मात्र शब्दशः घेऊ नयेत. नऊ चौकोन, मधला सार्वजनिक आणि आठ कुटुंबांचे आठ, ही आखणी प्रत्यक्षात फारशी टिकणारी नव्हती. तिच्याच आदर्शावर वांग मांगने इ.स. ९ मध्ये जमिनीची खरेदी-विक्री बंद केली आणि तीन वर्षांत हुकूम मागे घेतला.

माझ्या मते खरी उणीव दुसरीकडे आहे. पूल बांधलाच नाही, तर राजाला जाब कोण विचारणार? मेन्शियसच्या लेखी राज्यात प्रजा सर्वांत मोलाची, राजा सर्वांत हलका. शांग घराण्याच्या शेवटच्या जुलमी राजाला मारले तो राजवध नव्हे, एका नादान माणसाचा वध होता, असेही तो ठणकावतो. राजा वारंवार सांगूनही ऐकत नसेल तर राजघराण्यातले मंत्री त्याला पदच्युत करू शकतात, हे ऐकून श्वानच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण बाहेरच्या मंत्र्याने काय करायचे? राज्य सोडून जायचे. मेन्शियसने स्वतः तेच केले, तेही राजा परत बोलावील या आशेने वाटेत तीन रात्री मुक्काम करून. प्रजेला त्याने कसोटी केले, परीक्षक केले नाही. या विचारांची धास्ती मात्र सत्तेला कायम राहिली. मिंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाने १३९४ मध्ये मेन्शियसच्या ग्रंथातले ८५ उतारे वगळायला लावले. काही वर्षांनी ते पुन्हा आले, पण जाब विचारण्याची सोय काही झाली नाही.

ती सोय शोधण्याचा धीट प्रयत्न ह्वांग झोंगशी या विचारवंताने मिंग सत्ता बुडाल्यानंतर, १६६३ च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात केला. राजघराण्याने आपल्या सोयीसाठी केलेले कायदे हे कायदेच नव्हेत, असे म्हणून त्याने हान फेइचे शस्त्र हान फेइच्याच वंशजांवर उलटवले: आधी न्याय्य कायदा, मग चांगला माणूस. आणि त्याने महाविद्यालयाला राज्याचे न्यायपीठ करून टाकले. दर महिन्याच्या प्रतिपदेला सम्राटाने तिथे विद्यार्थ्यांच्या रांगेत बसावे, आचार्याने वर बसून बोलावे, कारभारात खोट असेल तर तोंडावर सांगावे. अर्थात त्या रांगेत शंभर मू कसणाऱ्या शेतकऱ्याला जागा नव्हती. बोलणारे पंडितच होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ल्यांग छीछाव आणि थान सथोंग या सुधारकांनी ह्वांगच्या या पुस्तकातला मजकूर गुपचूप छापून वाटला, तो राजाला अधिक दयाळू करण्यासाठी नव्हे, त्याचे हात बांधण्यासाठी.