सतरा सप्टेंबर घरात यायला हवा

मराठवाड्याला देशापेक्षा तेरा महिने उशिरा स्वातंत्र्य मिळालं, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. 15 ऑगस्ट 1947 रोजी दिल्लीत तिरंगा चढला. मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तिथं तो चढवणं गुन्हा होता, आणि त्याच दिवशी मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना हैदराबादेत अटक झाली. पुढच्या वर्षी 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. 17 तारखेला निजामानं हार मानली. त्याची आठवण म्हणून दरवर्षी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाजवळ मुख्यमंत्री झेंडावंदन करतात, अनुशेषाच्या आणि पाण्याच्या घोषणा होतात. त्या व्हायलाच हव्यात. पण सकाळी झेंडावंदन उरकलं की दिवस संपतो. घरात ना गोडाधोडाचं होत, ना कुणी कुणाला जेवायला बोलावत.

ही उणीव मला फार खुपते, कारण मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या राज्यातला, हा लढा घरांच्या आधारावरच उभा होता. उमरखेड, मनमाड, बार्शीकडच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून कार्यकर्ते रात्री-अपरात्री आत यायचे. त्यांना भाकरी बांधून देणारी, निरोप पोचवणारी, शिपाई दारात आले तर ‘कुणी नाही’ म्हणून सांगणारी माणसं घरातलीच होती. त्यात बायका किती असतील! दगडाबाई शेळक्यांसारखं एखादं नाव पुढं आलं. बाकीच्या ना तुरुंगात गेल्या, ना ताम्रपटाच्या यादीत आल्या. त्यांचा इतिहास नातवंडांना सांगितला तरच उरणार आहे, आणि तो सांगायला सण लागतो, चार माणसं निवांत बसावी लागतात.

त्या दिवशी मित्रांना, शेजाऱ्यांना घरी जेवायला बोलवा असं मी म्हणतो, त्यामागं आणखी एक कारण आहे. ते व्यासपीठावर सहसा येत नाही.

माझी आजी त्या दिवसांबद्दल बोलायची तेव्हा दोन गोष्टी एका दमात सांगायची. रझाकारांच्या, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या कासीम रझवीच्या टोळ्यांच्या, धाकानं तिनं अंगावरचं सोनं चुलीखाली पुरलं होतं आणि तान्ह्या लेकराला घेऊन रात्रभर ज्वारीच्या रानात बसली होती. नंतर पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची ती कारवाई, झाली, आणि शेजारच्या चाची आपल्या दोन मुलींना घेऊन आमच्या माळवदाच्या घरी आल्या. आजीनं मुलींना बळदात उतरवलं, वर ज्वारीची पोती रचली आणि दारात येऊन बसली. पहिली गोष्ट सांगताना तिचा आवाज जसा असायचा, तसाच दुसरीलाही असायचा.

तिच्या आठवणीला कागदाचाही आधार आहे. नेहरूंच्या सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला होता. त्यांत बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. त्याच काळातलं दुसरं सत्य असं की रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत ज्याचा खून झाला, तो ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता.

हा विषय काढला तर सणाला गालबोट लागेल, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कासीम रझवीच्या टोळ्यांनी गावंच्या गावं लुटली, जाळली. सुंदरलाल अहवालानं त्यातलं काहीही पुसलं जात नाही. निजामाचं राज्य गेलं, हा आनंद खराच आहे. पण ज्या शेजाऱ्याला आपल्या आजोबांचं काय झालं हे त्या दिवशी बोलता येत नाही, तो आपल्या आनंदात कसा सामील होईल? मैदानावरच्या भाषणाला बाजू घ्यावी लागते. ओसरीवर, धपाटे आणि दह्याचं ताट समोर असताना, माणूस दोन्ही सांगू शकतो, आणि ऐकणाराही उठून जात नाही.

वेळ मात्र फार उरलेला नाही. 1948 साली दहा वर्षांचं असलेलं लेकरू आज पंच्याऐंशीच्या पुढं गेलं आहे. येत्या सतरा सप्टेंबरला पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या लातूर-परभणीच्या पोरांना गावी येता आलं तर उत्तमच. नाही आलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन लावावा आणि विचारावं : तेव्हा आपलं घर कुठं होतं, कोण कोणाकडं लपलं होतं, आणि शेजारी कोण राहायचं?