दोष काढणे

‘दोष काढणे’ या आपल्या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून पुष्कळच दूर आहेत. मिस्त्री इंजिनातला दोष काढतो, म्हणजे तो दूर करतो. सासू सुनेचे दोष काढते तेव्हा ती ते दूर करीत नाही. चारचौघांत मांडून ठेवते. इतके निराळे दोन उद्योग भाषेने एकाच क्रियापदाला का जुंपले असावेत, हा प्रश्न मला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका विहिरीवर पडला.

काही वर्षांपूर्वी दिग्रसकडे एका परिचितांच्या शेतावर मी दोन दिवस राहिलो होतो. हरभऱ्याला घाटे धरत होते, एक पाणी मिळणे निकडीचे होते, आणि डिझेलवरचे इंजिन वीस मिनिटे चालून बंद पडत होते. थोडे थांबून हँडल मारावे, तर पुन्हा सुरू. पुन्हा वीस मिनिटांनी थंड. मालकांचे निदान केव्हाच झाले होते. सालगड्याने डिझेल विकले आणि टाकीत रॉकेल ओतले! गडी काही न बोलता उभा होता. त्याच्या गप्प राहण्याचाही पुराव्यात समावेश झाला होता.

दुपारी मिस्त्री आला. ‘कोणी केले’ हे त्याने विचारलेच नाही. धूर कसा येतो, इंजिन एकदम थांबते की दम तोडत थांबते, एवढेच विचारले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे ही किमया यशस्वी करून दाखविली. तेव्हा असे इंजिन चालता चालता दम तोडू लागले, तर त्याला खायला मिळते की नाही हे आधी पाहावे. इंजिन बंद पडताच मिस्त्रीने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. थेंबही येईना. मग त्याने टाकीचे झाकण फिरवले, तशी भळकन धार लागली.

त्या झाकणाला एक बारीक भोक असते. जितके डिझेल खाली उतरेल तितकी हवा वरून आत यावी, म्हणून. ते तेलामातीने बुजले होते. हवा आत येईना, म्हणून डिझेल खाली उतरेना. मिस्त्रीने तारेने भोक मोकळे केले आणि इंजिन दिवस मावळेपर्यंत चालले.

मला वाटले, प्रकरण मिटले. पण मालक म्हणाले, “पन झाकन साफ ठेवाचं काम त्याचंच होतं ना!”

हे वाक्य मला आजही सोडत नाही. रॉकेलचा आरोप त्यांनी मागे घेतला नाही, पुन्हा उच्चारलाही नाही. आरोपी मात्र कायम ठेवला. गुढीपाडव्याला साल संपले, तसा तो गडी दुसऱ्या गावी कामाला लागला. मालक तेही पुरावा म्हणूनच सांगत. ते दुष्ट नव्हेत. गड्याच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी धान्य दिले होते. परंतु कारण सापडले की काम वाढते, आणि दोषी सापडला की मन निवांत बसते. निवांतपणाचा मोह कोणाला नसतो?

एका झाकणावरून फार बोलू नये, हे मान्य. पण याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हा पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य होते: तोंडाला फडके बांधले नव्हते, हातमोजे घातले नव्हते. हे खोटे नव्हते. झाकण मळले होते, हेही खोटे नव्हतेच.

यावर कोणी म्हणेल, माणूस म्हणजे इंजिन नव्हे. तो खरोखरच रॉकेल मिसळू शकतो, आणि कारणेच शोधत बसलो तर जाब विचारायचा कोणाला? हा आक्षेप मला खरा वाटतो. कारणमीमांसेच्या आडून स्वतःला वाचविणारे थोडे नाहीत. मिसळू नयेत ती औषधे एकत्र करून फवारायला सांगणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण फडक्यापाशीच थांबलो तर त्याच्यापर्यंत आपण पोचतो का? त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. वर मारलेले औषध अंगावर उतरत होते. जोरकस पंप नवे आले होते. हवेत उकाडा असा, की फडके बांधले तर जीव गुदमरावा. आणि फवारणीची मजुरी पुष्कळदा पंपावर ठरते: जितके पंप, तितके पैसे. अशा माणसाने सकाळपासून कितव्या पंपाला हातमोजे घातले नाहीत, हे मोजणारे त्या दिवसांत मला बरेच भेटले. त्याला हातमोजे कोणी दिले होते का, हे विचारणारे मात्र एकदोघेच.