आसरा आणि पाठिंबा

चंबळच्या बीहडातल्या, म्हणजे घळींच्या मुलखातल्या, डाकूंच्या टोळीचा दिवस सूर्य मावळताना सुरू होई. दिवसभर दरडीच्या सावलीत पडून राहिलेली माणसे उठत, काडतुसांचे पट्टे बांधत आणि अंधार दाटला की चालू लागत. भिंड, मुरैना, धौलपूर, इटावा, जालौन या जिल्ह्यांतली जमीन नद्या-ओढ्यांनी अशी कातरून टाकली आहे की शंभर पावलांवरचा माणूस दिसत नाही. या घळींमधून एका रात्रीत कोसच्या कोस तुडवले जात. पहाट फुटण्याआधी नवी घळ गाठायची, उंचवट्यावर पहारा बसवायचा आणि पाळीपाळीने झोपायचे. तंबू नाही, कायमची चूल नाही, धान्याचे कोठार नाही. अंथरूण म्हणजे एखादे कांबळे. ‘अड्डा’ म्हटल्यावर शेकोटी, नाचगाणे आणि खडकावर येरझारा घालणारा सरदार डोळ्यांपुढे येतो. ते चित्र १९७५ साली ‘शोले’ने कर्नाटकातल्या रामनगरच्या कातळांवर पक्के केले. चंबळचा त्याच्याशी संबंध नाही.

या चित्रामुळे डाकूंवरची चर्चा उथळ झाली आहे. बागी शूर होता की क्रूर, नायक होता की खलनायक, एवढ्यावरच ती फिरते. (त्या भागात डाकू स्वतःला ‘बागी’च म्हणवत.) तो रोज काय खात होता आणि ते अन्न कुठून येत होते, हे फारसे कोणी विचारत नाही. टोळीचे सगळे वेळापत्रक मात्र त्याच प्रश्नाने ठरत असे.

बीहडात दिवसा चूल पेटवता येत नाही, कारण धूर लांबून दिसतो. भाजलेले चणे, गूळ आणि पुऱ्या यांवर एक-दोन दिवस निघत, पण त्यानंतर शिजलेले अन्न गावातूनच यावे लागे. वीस जणांची टोळी आणि माणशी सहा रोट्या धरल्या, तर एकशेवीस रोट्या होतात. त्यांना सहा-सात किलो पीठ लागते, आणि एका तव्यावर एकटी बाई दोन तासांच्या आत त्या उरकू शकत नाही. एरवी पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या घरात हे घडते तेव्हा शेजारणीला कळते, चक्कीवाल्याला कळते, दुकानदारालाही कळते. अवेळी निघालेला धूर गावात लपत नाही. फडक्यात बांधलेल्या रोट्या घेऊन एखादा पोरगा म्हशी हाकण्याच्या निमित्ताने घळीकडे जातो, तेव्हा निम्म्या गावाला ठाऊक असते की तो कुठे चालला आहे. टोळी लपते ती या सगळ्यांच्या गप्प राहण्यात. बीहड एकट्याने कोणालाही चार दिवसांपेक्षा जास्त लपवू शकत नाही.

हे गप्प राहणे कशातून येते, हा खरा वादाचा मुद्दा आहे. ब्रिटिश इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९६९ साली ‘बँडिट्स’ या पुस्तकात ‘सामाजिक डाकू’ची कल्पना विस्ताराने मांडली. सरकार आणि जमीनदार ज्याला गुन्हेगार म्हणतात त्याला शेतकरी आपला मानतात, मदत करतात आणि जपतात, असे तिचे सार आहे. असा डाकू मरतो तो केवळ फितुरीने, हेही त्यांनी त्याच्या लक्षणांत घातले. भारतातल्या पुष्कळ लेखनाने ही कल्पना जशीच्या तशी उचलली आणि मानसिंहापासून फूलनदेवीपर्यंत सर्वांना त्या साच्यात बसवले. मानसिंहाबद्दलचा आदर खोटा नव्हता. १९५५ मध्ये तो मारला गेल्यावरही त्याचे नाव त्या भागात मानाने घेतले जात राहिले. तरीही हॉब्सबॉम यांची मांडणी टोळीच्या एका दिवसापुढेसुद्धा टिकत नाही.

फितुरी हा त्यांच्या मांडणीत अपवाद आहे, कथेच्या शेवटी येणारा घात. टोळीच्या दिनक्रमात ती रोजचे गृहीतक होती. जिथे जेवण झाले तिथे झोपायचे नाही. पुढचा मुक्काम सरदाराखेरीज कोणाला आधी कळू द्यायचा नाही. गावात एकट्याने जायचे नाही. अन्न आणणाऱ्याला पहिला घास खायला लावायचा आणि थोडा वेळ थांबून मग हात धुवायचे. रोट्या आणणारा परतला की टोळीने जागा सोडायची, मग तो कितीही जवळचा असो. यातला प्रत्येक नियम अन्न देणाऱ्यावरच्या अविश्वासातून आला आहे. ज्या माणसांना जनता हृदयाशी धरते, ती त्याच जनतेच्या रोटीचा पहिला घास दुसऱ्याला का खायला लावतील? पुढे हॉब्सबॉम यांनी आपण गाणी आणि दंतकथांवर जास्त भिस्त ठेवली हे काही प्रमाणात मान्य केले. अँटन ब्लॉक या डच मानववंशशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच आक्षेप घेतला होता की डाकूला टिकून राहायला वरच्यांचे संरक्षण लागते आणि तो बहुधा त्यांच्याच कामी येतो. आक्षेप योग्यच होता, पण त्याची नजरही संरक्षण देणाऱ्या बड्यांवरच राहिली. चुलीपर्यंत ती पोचली नाही.

बीहड आहे म्हणून डाकू आहेत, हे भूगोलाचे स्पष्टीकरण अपुरे आहे. घळी आजही आहेत, टोळ्या नाहीत. जातच गुन्हेगार असते हा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातला समज तर खोडून काढण्याच्याही लायकीचा नाही.

बाकीचा दिनक्रम थोडक्यात सांगता येतो. बंदुका रोज पुसल्या जात. बंदुकीपेक्षा काडतूस मिळवणे अवघड, म्हणून ते मोजून खर्च होई. माधोसिंह किंवा पानसिंह तोमर यांच्यासारखे लष्करातून आलेले लोक टोळीत होते, त्यामुळे पहारा आणि कूच यांना शिस्त होती. खाकी कपडे हे तर पोलिसांच्या नजरेला चकवण्याचे साधन. खंडणीसाठी पळवून आणलेल्या माणसाला ‘पकड’ म्हणत. डोळे बांधून त्यालाही रात्रभर चालवत आणि त्याची भूकही गावाच्या पिठावरच पडे. पावसाळ्यात चिखलात पावले उमटत, म्हणून टोळ्या पांगत. पुढे उंच वाढलेली तूर घळीइतकाच आडोसा देई.

इथे दोन शब्दांत फरक करावा लागतो: आसरा आणि पाठिंबा. पाठिंबा मनातून येतो आणि काढून घेता येतो. आसरा नात्यातून, जातीतून, भीतीतून किंवा दुप्पट दामाच्या आशेने दिला जातो, आणि एकदा दिला की देणाऱ्याची सुटका होत नाही. एका घरातून रोट्या भाचा टोळीत आहे म्हणून जात, दुसऱ्या घरातून नाही म्हणण्याची सोय नाही म्हणून. फडक्यात दोन्ही सारख्याच दिसत. पोलिसांनी दोन्ही घरांना एकाच मापाने मोजले, आणि टोळ्यांनीही.

या गल्लतीची किंमत १४ फेब्रुवारी १९८१ रोजी यमुनाकाठच्या बेहमई गावाने दिली. आपला साथीदार विक्रम मल्लाह याला मारणारे श्रीराम आणि लालाराम गावात दडवले आहेत, असे फूलनदेवीच्या टोळीने धरून चालले. त्यांना बाहेर काढा, ही मागणी होती. ते सापडले नाहीत आणि गावातले २० पुरुष गोळ्यांना बळी पडले. आसरा दिल्याच्या नुसत्या संशयाला सहभागाची शिक्षा मिळाली. सामाजिक डाकूच्या कल्पनेत या २० जणांना कुठेच जागा नाही, आणि तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

शरणागतीच्या काळातही हा फरक कोणी केला नाही. १९६० च्या मे महिन्यात विनोबा भावे भिंड-मुरैनात पायी फिरले आणि लुक्कासह २० बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीस प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी त्यावर उघड टीका केली. १४ एप्रिल १९७२ रोजी जौराच्या आश्रमात जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहरसिंह आणि माधोसिंह शरण आले. वाद रंगला तो बागींना क्षमा करावी की शिक्षा, यावर. ज्या घरांनी वर्षानुवर्षे रात्री चूल पेटवली, ती त्याच गावांत, बागींनी ज्यांची माणसे मारली त्यांच्या शेजारी राहिली.

१२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडला फूलनदेवीने बंदूक खाली ठेवली. तिच्या अटींमध्ये फाशी नको ही एक होती. दुसरी, कुटुंबाला जमीन मिळावी ही.