सॉफ्टवेअरचा निस्तार

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मामा तलावाच्या पाळीवर उभं राहा आणि विचारा, हा तलाव कोणाचा? ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. मालकी सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची, पाळ बांधण्याचं कसब कोहळी समाजाचं, घाम गावाचा. पण धानाला पाणी कोणी कधी घ्यायचं, मासे कोणी धरायचे, हे ‘निस्तारा’चे, म्हणजे गावाच्या वापरहक्काचे, रिवाज जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदले जात. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालक बदलला, तरी गावाला बोट ठेवायला कागद होता.

हा कागद मला आठवतो तो डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं करणारा दुकानदार मराठी अक्षरांचं पॅकेज पैसे मोजून घेतो. त्याचं लॉक, म्हणजे डोंगल, संगणकाला खोचलेलं. ते काढलं की पॅकेज मुकं. उद्या त्याने विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं, तर वर्षानुवर्षांचं काम मागेच राहतं. मग कंपनी आपलं पॅकेज लिनक्सवर का आणत नाही? अडचण यंत्राची असेल, असं आपल्याला वाटतं. ती असतेच, पण पुष्कळदा मोठी अडचण कागदाची असते.

सॉफ्टवेअर ‘विकत’ घेतलं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात हाती पडतो तो वापराचा परवाना. गंमत अशी की विकणाऱ्याकडेही त्यातल्या अनेक भागांचा परवानाच असतो. शुद्धलेखन तपासणी एकाची, फॉन्ट दुसऱ्याचे, लॉकचा ड्रायव्हर तिसऱ्याचा. करार अमुक एका प्रणालीपुरता असेल, तर नव्या प्रणालीसाठी प्रत्येकाच्या दारात पुन्हा जावं लागतं.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. १९९८ साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवलं, तेव्हा त्यात इतरांचे ७०हून अधिक भाग निघाले. कोणाची संमती मिळाली, कोणाचा भाग उपटून टाकावा लागला. सन कंपनीने २००७ साली जावा खुली केली, तेव्हाही अक्षरं रेखाटणारा आणि आवाजाचा काही कोड परक्या मालकीचा असल्याने अडकला. मालकाला स्वतःच्या तलावाचं पाणी सोडता येईना!

दुसरा गैरसमज लिनक्सच्या बाजूचा. लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्यामुळे तिथे विकाऊ सॉफ्टवेअर चालवताच येत नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. लिनक्सवर चालणारा स्वतंत्र प्रोग्राम बंदिस्त ठेवता येतो. मनाई आहे ती जीपीएलचा कोड आपल्या प्रोग्रामात मिसळून, त्याचं वितरण करून, वर तो झाकून ठेवण्याला. सामायिक पाणी घ्या, पण त्यावर खासगी कुलूप लावू नका, इतकंच त्याचं म्हणणं.

आपला कायदाही अगदीच आंधळा नाही. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२नुसार, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यापुरती आवश्यक माहिती कायदेशीर प्रतधारकाला, ती सहज उपलब्ध नसेल तर, शोधून काढता येते. पण ही वाट अभियंत्याची. दुकानदाराला तिचा उपयोग काय?

म्हणून उपाय खरेदीच्या वेळीच हवा. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण आणलं, ते चांगलंच झालं. पण जिथे बंदिस्त सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं, तिथे सार्वजनिक पैसा मोजणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने करारातच निस्तार लिहून घ्यावा: मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढता येईल, दुसऱ्या प्रणालीवर नेण्याची मुभा राहील, कंपनी बंद पडली तर त्रयस्थाकडे ठेवलेला कोड मिळेल. कार्यालयांनी असा आग्रह धरला की विकणाराही आपल्या पुरवठादारांकडून तशी कलमं मागू लागेल, आणि त्याचा लाभ डीटीपीच्या दुकानापर्यंत झिरपेल.

तलाव खोदून झाल्यावर हक्क मागणाऱ्याला मालकाच्या वाड्यावर जावं लागतं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्या वाड्याला कित्येकदा टाळं लागलेलं असतं.