मागितलं असतं तर मिळालं असतं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आजचं गुरुवारचं पत्र एका पोराच्या प्रश्नावर आहे. नेहमीपेक्षा थोडं लांब झालंय. जमलं तर रात्री जेवणं झाल्यावर घरात सगळ्यांसमोर वाचा. कॉलेजात जाणारी मुलं असतील तर त्यांनाही बसवा.

आपल्या परिवारातल्या एका ताईंनी आम्हाला वेगळा निरोप पाठवला. त्यांच्या परवानगीनं, नाव न सांगता लिहितो आहोत. मुलगा इथेच इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेत. यजमानांचं कापडाचं छोटं दुकान. गेलं दीड वर्ष धंदा मंद आहे. सेमिस्टरची फी भरली आणि हात रिकामे झाले. मुलाला तीन पुस्तकं हवी होती, तिन्हींची मिळून किंमत अडीच हजारांवर. पोरानं वडिलांना सांगितलंच नाही. मित्राकडून तिन्हींच्या पीडीएफ घेतल्या आणि मोबाईलवर वाचायला लागला. गुरुवारी आरती झाली, प्रसाद हातात घेताना आईला हळूच म्हणाला, "आई, ती पुस्तकं तशी चोरीचीच आहेत. मग त्यावर केलेला अभ्यास महाराजांना चालेल का गं?"

ताईंना उत्तर सुचलं नाही. त्यांनी आम्हाला विचारलं. खरं सांगायचं तर आम्हालाही लगेच सुचलं नाही. कारण त्याच आठवड्यात आपल्याच एका ग्रुपवर अठरा टेक्निकल पुस्तकांची लिंक आली होती. वर लिहिलं होतं, "विद्यादान हेच श्रेष्ठ दान." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेत आमचेही हात होते.

*शंख आणि लिखित*

महाभारताच्या शांतिपर्वात व्यासांनी युधिष्ठिराला दोन भावांची कथा सांगितली आहे. शंख थोरला, लिखित धाकटा. दोघेही तपस्वी. बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम होते. एकदा लिखित थोरल्या भावाच्या आश्रमात गेला. शंख बाहेर गेले होते. झाडांना पिकलेली फळं लागली होती. लिखितानं ती तोडली आणि निवांत बसून खाऊ लागला. तेवढ्यात शंख आले. विचारलं, "ही फळं कुठून आणलीस?" लिखित हसून म्हणाला, "इथूनच की!"

शंख म्हणाले, "न विचारता घेतलंस, ही चोरी झाली. राजाकडे जा, केलेलं कबूल कर आणि दंड माग."

विचार करा. सख्ख्या भावाचा आश्रम, झाडावरची फळं, ना कुलूप ना राखणदार. तरीही शंखांनी चोरी हाच शब्द वापरला. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजानं क्षमा करायची तयारी दाखवली, पण लिखितानं दंडच मागून घेतला. त्या काळच्या नियमाप्रमाणे त्याचे हात तोडले गेले. तसाच तो भावाकडे परत आला. तेव्हा शंख म्हणाले, मी तुझ्यावर रागावलोच नव्हतो, तुझ्याकडून धर्माची मर्यादा मोडली होती, तेवढंच. आता नदीवर जा, देवांचं, ऋषींचं, पितरांचं तर्पण कर. लिखितानं नदीत बुडी मारली, तर्पणाला ओंजळ करायला गेला आणि त्याला हात परत आले.

या कथेत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, शंखांनी फळं नाकारली नव्हती. लिखितानं विचारलं असतं तर त्यांनी टोपलीभर दिली असती. भूक लागणं ही चूक नव्हती. चूक होती ती "इथूनच की" या सहजपणात. दुसरी, हात गेले तसे परतही आले. म्हणजे या वाटेवरून माघारी येता येतं. त्या पोराला ही दुसरी गोष्ट आधी सांगायला हवी.

*"पण कुणाचं काय बिघडलं?"*

हा प्रश्न मुलं विचारतात, आणि तो फालतू नाही. ज्याच्या खिशात पैसेच नाहीत तो पुस्तक विकत घेणारच नव्हता. त्यानं पीडीएफ वाचली म्हणून प्रकाशकाचा एक रुपयाही कमी झाला नाही. हे आम्ही मान्य करतो. परदेशी पुस्तकांच्या किमती आपल्याकडच्या मध्यमवर्गाला झेपत नाहीत, हेही खरं.

पण शंखांचं तरी काय गेलं होतं? चार फळं. मनात धरण्यासारखं नुकसानही झालं नव्हतं. घेणाऱ्याच्या हाताला काय सवय लागते, हा खरा मुद्दा आहे. पतंजलींनी योगसूत्रांत यमांमध्ये सत्यानंतर लगेच अस्तेय सांगितलं. दुसऱ्याच्या वस्तूवर मनानंही हक्क न सांगणं म्हणजे अस्तेय. आज पैसे नाहीत म्हणून घेतलं. उद्या नोकरी लागते, पगार येतो, तरी हात त्याच लिंककडे जातो. साठ हजारांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन सहाशे रुपयांचं पुस्तक फुकट शोधणारे आपल्यात आहेत की नाहीत? त्यांची अडचण पैशाची नाही. आजचं पत्र त्यांच्यासाठी जास्त आहे, त्या पोरासाठी कमी.

आणि पुस्तक झाडाला लागत नाही. आपल्याच सत्संगात एक निवृत्त प्राध्यापक काका येतात. डिप्लोमाच्या मुलांसाठी त्यांनी एक पुस्तक लिहिलं. चार वर्षं, पहाटे उठून. प्रत्येक गणित स्वतः सोडवून पाहिलेलं. पुस्तकाच्या किमतीतला लहानसा वाटा लेखकाला मिळतो. काका म्हणाले, "मानधन सोडा हो. माझं पुस्तक वाचून पास झालो असं सांगायला एक पोरगा पेढा घेऊन आला होता, तेवढं पुरे. पण नवी आवृत्ती काढायला प्रकाशक तयार नाही. म्हणतो, खपच नाही." नवी आवृत्ती निघाली नाही, तर पुढच्या वर्षीच्या मुलांनी काय वाचायचं?

*"पूर्वी पोथ्या उतरवून घेतच होते ना?"*

होय, घेत होते, आणि ते पुण्य मानत. पण पोथी मागून आणायची, हातानं उतरवायची, जपून परत करायची. त्यात मागणं होतं, कष्ट होते, आणि मूळ ग्रंथाचा मान होता. नाथमहाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. कशासाठी? उतरवता उतरवता पाठ बिघडले होते म्हणून. आणि सांगणाऱ्याच्या, लिहिणाऱ्याच्या पोटाची काळजी गाव, देवस्थान, राजा घेत असे. कीर्तनकाराला बिदागी होती, शास्त्र्याला वर्षासन होतं. आज टेक्निकल पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी वर्षासन देत नाही.

आता त्या "विद्यादाना"कडे येऊ. आपण अहिल्यामाईंच्या इंदूरचे. काशीपासून रामेश्वरापर्यंत माईंनी घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या. तो धर्मादाय खर्च त्यांनी राज्याच्या खजिन्यातून केला नाही, स्वतःच्या खासगीतून केला, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. राज्यच हातात असलेल्या बाईनं हा भेद पाळला. दान आपल्या मालाचं होतं. दुसऱ्याचं पुस्तक शंभर जणांना फॉरवर्ड केलं, तर त्यात आपल्या खासगीतलं काय गेलं? त्याला दान म्हणू नये.

*कायदा काय म्हणतो*

थोडक्यात सांगतो, कारण यात गैरसमज फार आहेत. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणून मूळ ज्ञानेश्वरी सगळ्यांची आहे, पण हयात असलेल्या अभ्यासकानं लिहिलेली नवी टीका सगळ्यांची नाही.

दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला होता. शिक्षकांनी नेमलेल्या पुस्तकांतल्या निवडक भागांच्या प्रती तिथे मुलांना मिळत. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. शिकवण्यासाठी अशा प्रती काढायला कायद्यातच मोकळीक आहे, असं सांगितलं. पुढे अपील झालं, आणि २०१७ साली प्रकाशकांनी खटलाच मागे घेतला. म्हणजे कायद्यालाही गरीब विद्यार्थ्याची काळजी आहे. पण ती मोकळीक शिकण्या-शिकवण्यापुरती आहे. अख्खी अठरा पुस्तकं ग्रुपवर वाटण्याची ती परवानगी नाही.

*मग त्या पोराला काय सांगायचं?*

बाळा, आधी माग. मागण्यात कमीपणा नाही. आपल्या महाराजांनीही झोळी घेतलीच होती. मागायला दारं बरीच आहेत.

कॉलेजची लायब्ररी, आणि शहरातलं अहिल्या केंद्रीय पुस्तकालय. खजुरी बाजारातली जुन्या पुस्तकांची दुकानं. मागची आवृत्ती बरेचदा अर्ध्याहून कमी पैशांत मिळते, आणि गणित काही आवृत्तीगणिक बदलत नाही. वरच्या वर्षाची मुलं. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत, २००३ पासून हे काम चालू आहे. खरगपूर आयआयटीची नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगची पुस्तकं भारतीय भाषांतही आहेत, मराठीतसुद्धा. कॉम्प्युटरच्या विषयात तर कितीतरी लेखकांनी आपली पुस्तकं स्वतःच इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमवरचं "थ्री ईझी पीसेस" हे त्यातलं एक, जगभर शिकवलं जाणारं. शंखांनी आपणहून टोपली बाहेर ठेवल्यासारखंच आहे हे. आधी तिथली फळं खा. आणि काहीच जमलं नाही तर सरळ लेखकाला पत्र लिही. फार तर नाही म्हणेल.

सगळी दारं वाजवली, एकही उघडलं नाही, परीक्षा चार दिवसांवर आली आणि तू ती पीडीएफ उघडलीस, तर? आम्ही त्याला पुण्य म्हणणार नाही. कायद्यात बसतं असंही सांगणार नाही. पण तुला चोर म्हणून दारातून हाकलणारही नाही. एकच सांगू. त्याला "इथूनच की" म्हणू नकोस, ऋण म्हण. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितली आहेत. ज्याच्या पुस्तकावर शिकलास तो तुझा ऋषी. एक वही कर. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, किंमत लिहून ठेव. ती फाईल पुढे कुणाला पाठवू नकोस. मन लावून शिक, कारण ऋषिऋण आधी अभ्यासानंच फिटतं. आणि पहिला पगार झाला की वही काढ. ती पुस्तकं विकत घे आणि कॉलेजच्या लायब्ररीला दे. लिखिताला हात परत आले ते तर्पणाला ओंजळ धरल्यावर. तुझं तर्पण हेच.

*आणि आपण मोठ्यांनी?*

खरं सांगायचं तर हे पत्र लिहिताना आम्हाला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. अडीच हजार रुपये! मागच्या दत्तजयंतीला आपण नुसत्या फुलांवर याच्या कितीतरी पट खर्च केला. ते पोरगं त्या दिवशी आपल्याबरोबर पंगतीत वाढत होतं. त्यानं मागितलं नाही, कारण मागता येईल असं आपण त्याला कधी वाटूच दिलं नाही. शंखाच्या दारात भूक सांगायची सोय होती. आपल्या दारात आहे का?

म्हणून या गुरुवारपासून सत्संगाच्या जागी एक कपाट ठेवतो आहोत. नाव "ग्रंथपेढी". ज्यांची मुलं शिकून नोकरीला लागली, त्यांनी माळ्यावरची इंजिनिअरिंग, मेडिकल, कॉमर्सची पुस्तकं आणून द्यावीत. ज्यांना जमेल त्यांनी प्रसादाच्या खर्चातले थोडे पैसे इकडे वळवावेत. ज्याला पुस्तक हवं त्यानं आपल्या विभागाच्या सेवेकऱ्यांना सांगावं. मिळकत किती, अडचण काय, कुणी विचारणार नाही. कोणी काय नेलं हे ग्रुपवर येणार नाही. वापरून झालं की परत करायचं, एवढाच नियम. प्राध्यापक काकांच्या पुस्तकाच्या पाच प्रती पहिल्या दिवशी कपाटात असतील. विकत घेतलेल्या.

आमचीही कबुली देतो. मागच्या चातुर्मासात आम्ही याच पत्रासोबत एका हयात अभ्यासकांच्या सटीप ग्रंथाची स्कॅन केलेली प्रत सगळ्यांना पाठवली होती. त्यांना विचारलं नव्हतं. तेव्हा वाटलं, अध्यात्माचंच तर आहे. आता त्यांना क्षमापत्र लिहिलं आहे, आणि ग्रंथाच्या दहा प्रती मागवल्या आहेत. आपल्या मोबाईलमध्ये ती फाईल असेल तर कृपया काढून टाका. अठरा पुस्तकांची ती लिंकही ज्यांनी टाकली त्यांनी स्वतःच काढली आहे. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांना कुणी बोलू नये.

ताईंना आम्ही हेच कळवलं. पोराला सांगा, ज्याला असा प्रश्न पडतो त्याचा अभ्यास महाराजांना नक्की चालतो.

पुढच्या गुरुवारी कपाटापाशी भेटू. येताना एक पुस्तक घेऊन या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥